संतांचा इंग्रजी भाऊबंद

मराठीतला ‘संत’ आणि इंग्रजीतला ‘सेंट’ हे एकाच घरचे शब्द असावेत, असे कुणालाही वाटेल. उच्चार जवळचे आणि अर्थही जवळचे. तरी त्यांचे नाते नाही. ‘सेंट’ हा शब्द लॅटिन ‘सांक्तुस’वरून, म्हणजे विधिपूर्वक पवित्र ठरवलेला या अर्थाच्या शब्दावरून आला. आपला ‘संत’ निघाला तो संस्कृत ‘अस्’ या धातूतून. अस् म्हणजे असणे. सत् म्हणजे जे आहे ते. आणि त्याच्या ‘सन्तः’ या बहुवचनातून संत. सत्य, सत्ता, सत्त्व, सज्जन, सती ही सगळी याच कुळातली मंडळी. या कुळाचा इंग्रजीतला वारस ‘सूथ’ हा शब्द होता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये खरे काय ते सांगायचे असेल, तर हाच शब्द तोंडी येई. चारशे वर्षांपूर्वी तो बोलण्यातून गेला आणि आज फक्त जुन्या वळणाच्या लेखनात भेटतो. त्याची जागा ‘ट्रुथ’ने घेतली. शब्द जुने होतात आणि मरतात, त्यात विशेष काय, असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल. पण सूथ कधी आणि कुणाच्या हातून गेला हे पाहिले की इंग्लंडच्या इतिहासातली एक मोठी उलथापालथ दिसू लागते. खरेपणाची हमी माणसाच्या वचनातून निघून कागदावर गेली, ती ही उलथापालथ. सूथ आपोआप झिजला नाही. या स्थलांतरात त्याचे काम दुसऱ्याने उचलले, असे मला वाटते.

आधी नात्याचा पुरावा. इंग्रजीच्या पूर्वज बोलींमध्ये ‘थ’, ‘स’, ‘फ’ या घर्षक ध्वनींच्या आधी येणारा अनुनासिक गळून गेला आणि त्याच्या मागचा स्वर लांबला. म्हणून जो पक्षी संस्कृतात हंस आणि जर्मनमध्ये ‘गान्स’, तो इंग्रजीत ‘गूस’ झाला. संस्कृत दंत, लॅटिन ‘देन्त’, इंग्रजी ‘टूथ’. मूळच्या ‘त’चा जर्मानिक भाषांत ‘थ’ होतो, हा नियम याकोब ग्रिमने 1822 मध्ये सविस्तर मांडला होता. तोच नियम आणि तीच अनुनासिकाची गळती पुढे चालवली की दंतचा टूथ होतो, तसा संतचा सूथ होतो. प्राचीन इराणमधल्या अवेस्ता भाषेत सत्याला ‘हइथ्य’ म्हणत. स चा ह होणे हे त्या भाषेचे वळण, बाकी शब्द आपल्या ‘सत्य’चाच. भारतापासून उत्तर समुद्रापर्यंत पसरलेल्या या भाषा बोलणाऱ्या लोकांनी खरेपणासाठी ‘असणे’ हेच क्रियापद निवडले होते.

हे नाते उजेडात आले त्याची कथा आपल्या विषयाला विलक्षण जुळते. सर विल्यम जोन्स 1783 मध्ये कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून आले. हिंदूंच्या खटल्यांत शास्त्र काय म्हणते हे न्यायालयाला पंडित तोंडी सांगत. जोन्सला त्यांच्या सांगण्यावर विसंबून राहणे मानवेना. ग्रंथ स्वतः वाचता यावेत म्हणून त्याने 1785 मध्ये संस्कृत शिकायला घेतले. 2 फेब्रुवारी 1786 रोजी एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात त्याने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच, कदाचित आता लुप्त झालेल्या, मुळातून निघाल्या असाव्यात, असे सांगितले. माणसाच्या शब्दापेक्षा लिखिताचा आधार घेणाऱ्या एका इंग्रज न्यायाधीशाच्या वृत्तीतून तुलनात्मक भाषाशास्त्राची वाट उघडली. ही वृत्ती एकट्या जोन्सची नव्हती. त्याच्या देशाने ती पाचशे-सहाशे वर्षांत कमावली होती, आणि सूथ मेला तो त्याच काळात.

‘आहे’ या क्रियापदातून ‘खरे’ हा अर्थ कसा निघाला असेल? एक उत्तर आजच्या तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या विटांवर आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात हित्ती लोकांचा राजा मुर्शिली दुसरा याच्या राज्यात सुमारे वीस वर्षे रोगाची साथ हटत नव्हती. देवांपुढे त्याने जी गाऱ्हाणी घातली, ती विटांवर कोरलेली मिळाली आहेत. त्यांत तो सांगतो की आपल्या बापाने, सुप्पिलुलिउमाने, शपथा मोडल्या. ज्याच्याशी निष्ठेची शपथ घेतली त्या राजपुत्राचा घात झाला, आणि इजिप्तशी केलेला करारही पाळला गेला नाही. हा गुन्हा कबूल करताना राजा जे क्रियापद वापरतो, ते आपल्या ‘अस्’चेच हित्ती रूप आहे: ते आहे, ते आमच्याकडून झाले, एवढेच तो म्हणतो. कॅल्व्हर्ट वॉटकिन्स या भाषाशास्त्रज्ञाने 1967 मध्ये दाखवून दिले की लॅटिनमधला ‘सोन्स’, म्हणजे गुन्हेगार, हा शब्द अशाच कबुलीच्या रिवाजातून समजतो. आरोप ठेवला जातो, आरोपी ‘आहे’ म्हणतो, आणि तो ‘असणारा’ म्हणजेच दोषी ठरतो. एकाच धातूतून भारतात संत आणि रोममध्ये गुन्हेगार निपजावा, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. पण दोन्हीकडे मुळाशी तीच गोष्ट आहे. जे आहे ते आहे म्हणणे, मग ते आपल्याला कितीही महाग पडो.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘सोथ’ असा उच्चारला जाई, आणि त्याच्यापासून खरेपणा या अर्थाचा ‘सोथफेस्टनेस’ हा लांब शब्द झाला होता. सोथला घट्ट धरून राहण्याचा गुण. याच्या शेजारी दुसरा एक शब्द होता, ज्याच्यातून पुढे ट्रुथ आणि ट्रोथ दोन्ही निघाले. त्याचे मूळ घट्ट, पक्के, न हलणारे या अर्थाचे. इंग्रजी ‘ट्री’ म्हणजे झाड आणि आपल्या ‘देवदार’मधला ‘दार’ हे त्याचे सगेसोयरे मानले जातात. या दुसऱ्या शब्दाचा वस्तुस्थितीशी तेव्हा थेट संबंध नव्हता. तो माणसाचा गुण होता: दिलेला शब्द पाळणे, धन्याशी इमान राखणे, लग्नाचे वचन न मोडणे. म्हणजे कामाची वाटणी स्पष्ट होती. गोष्ट सोथ असे, माणूस ट्रू असे. ही वाटणी भाषेत इतकी साफ होती, हे फार कमी इंग्रजांना आज माहीत असेल.

न्यायदानात मात्र पहिल्यापासून दुसऱ्या शब्दाचे वजन जास्त होते. आरोप आलेल्या माणसाने स्वतः शपथ घ्यायची आणि सोबत शपथेचे साथीदार आणायचे, पुष्कळदा अकरा, म्हणजे त्याच्यासह बारा हात. या साथीदारांना काय घडले ते विचारले जात नसे. या माणसाची शपथ निर्मळ आहे, एवढेच ते सांगत. ज्याला साथीदार मिळत नसत, किंवा ज्याची शपथ कुणी घेत नसे, त्याच्या वाट्याला दिव्य येई. तापलेले लोखंड हातात धरून काही पावले चालायचे, हात बांधून ठेवायचा आणि तीन दिवसांनी सोडून जखम चिघळली की भरली ते पाहायचे. मराठी वाचकाला दिव्य ही कल्पना अपरिचित नाही. तापल्या तेला-तुपातून रवा काढण्याचे दिव्य आपल्या जुन्या निवाडेपत्रांत भेटते. दोन्हीकडे गृहीत एकच: घडलेली गोष्ट माणसाला कळत नसली तरी देवाला कळते, आणि माणसाला पारखता येते ते फक्त माणूस. अशा समाजात माणसाचे इमान हा खरेपणाकडे जाण्याचा एकमेव रस्ता होता. सोथ दूर होता, ट्रुथ हाताशी होता.

1066 मध्ये नॉर्मन आले आणि दरबाराची, न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली. सूथच्या मृत्यूचे खापर पुष्कळदा यांच्यावरच फोडावेसे वाटते, कारण इंग्रजीतले शेकडो देशी शब्द फ्रेंच रेट्याखाली गेले हे खरेच आहे. इथे मात्र ते लागू पडत नाही. फ्रेंचमधून खरेपणासाठी ‘व्हेरिटी’ आला, तो पंडिती राहिला. पंच जो निकाल देतात त्याला ‘व्हर्डिक्ट’, म्हणजे खरे बोललेले, हे फ्रेंच नाव मिळाले, पण ते न्यायालयाच्या उंबऱ्याबाहेर फारसे गेले नाही. सूथ नॉर्मनांनंतर तीनशे वर्षे धडधाकट होता. 1400 मध्ये मरण पावलेल्या कवी चॉसरच्या लेखनात तो पदोपदी आढळतो. आणि शेवटी ज्याने त्याला हटवले तो शब्द परका नव्हता, त्याच्याच शेजारचा, त्याच्याइतकाच जुना देशी शब्द होता. म्हणून कारण घरातच शोधावे लागते.

ते कारण मेणात सापडते. राजाच्या चान्सरीतून, म्हणजे दफ्तरखान्यातून निघणाऱ्या पत्रांवर मेणाची मोहोर लागे आणि मेणाचा हिशोब ठेवला जाई. मायकेल क्लँचीने ‘फ्रॉम मेमरी टु रिटन रेकॉर्ड’ या 1979 च्या ग्रंथात हे हिशोब तपासले. 1220 च्या दशकाच्या अखेरीस आठवड्याला सुमारे साडेतीन पौंड मेण लागत होते. 1260 च्या दशकाच्या अखेरीस सुमारे 32 पौंड. चाळीस वर्षांत नऊपट. इतक्या वेगाने लिखाण वाढते तेव्हा पुराव्याची कल्पनाच बदलते. दरम्यान 1215 च्या लॅटरन धर्मसभेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला मनाई केली. पाद्र्याशिवाय दिव्य नाही, आणि 1219 मध्ये इंग्लंडच्या न्यायाधीशांना दिव्याविना काम चालवण्याची सूचना गेली. आता घडले काय, हे बारा शेजाऱ्यांनी सांगायचे होते आणि हक्क कुणाचा, हे चर्मपत्राने. पहिल्या एडवर्डने 1278 पासून सरदारांना विचारायला सुरुवात केली की तुमचे अधिकार कोणत्या सनदेने आहेत. यावर अर्ल वॉरेनने एक जुनी गंजलेली तलवार न्यायाधीशांपुढे धरली आणि माझी सनद ही, असे सुनावले, अशी कथा वॉल्टर ऑफ गिसबरोच्या बखरीत आहे. ती जशीच्या तशी घडली असेलच असे नाही. पण बखरकाराला ती लिहावीशी वाटली, यातच त्या पिढीची घुसमट आहे. पूर्वी जमीन देताना मातीचे ढेकूळ किंवा सुरी हातात ठेवत आणि पाहणारे ती गोष्ट मरेपर्यंत लक्षात ठेवत. आता पाहणाऱ्याला कुणी विचारत नव्हते.

याचा ‘ट्रू’ या शब्दावर काय परिणाम झाला, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. सनद इमानी असू शकत नाही. तिला मन नाही. पण तिच्यावर विसंबता येते की नाही, ती अस्सल आहे की बनावट, हा प्रश्न रोज उठू लागला. विसंबण्याजोगा माणूस ट्रू, तशी विसंबण्याजोगी सनद ट्रू. आणि सनद विसंबण्याजोगी कधी? तिच्यात लिहिलेले घडलेल्या गोष्टीशी जुळते तेव्हा. या तिसऱ्या पायरीवर ट्रू हा शब्द थेट सूथच्या अंगणात उतरला. रिचर्ड फर्थ ग्रीन यांनी ‘अ क्रायसिस ऑफ ट्रुथ’ या 1999 च्या ग्रंथात ट्रुथ शब्दाचा हा प्रवास चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुसऱ्या रिचर्डच्या काळात, कसा निर्णायक झाला ते दाखवले आहे. त्यांचे लक्ष ट्रुथकडे आहे. त्याच पुराव्याकडे सूथच्या बाजूने पाहिले तर एका शब्दाच्या विस्तारात दुसऱ्याची बेदखली दिसते.

तो काळच तसा होता. 1348–49 च्या काळ्या मृत्यूने इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसे नेली. मजूर कमी, म्हणून मजुरी वाढली. ती दाबून धरायला 1351 चा मजूर कायदा आला. गावच्या कचेरीतल्या जुन्या गुंडाळ्या काढून कोण कुणाचा वेठबिगार हे पुन्हा मोजले जाऊ लागले. 1381 च्या जूनमध्ये शेतकरी उठले तेव्हा ठिकठिकाणी त्यांनी सर्वांत आधी या गुंडाळ्या जाळल्या. सेंट ऑल्बन्सच्या मठातले दस्तऐवजही असेच आगीत गेले. लिहिता न येणाऱ्यांचा हा आंधळा राग होता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण हेच लोक 14 जूनला माइल एंडला चौदा वर्षांच्या राजाकडून मुक्ततेच्या लेखी सनदा मागून घेत होते. लिखाणाची ताकद त्यांना पुरती कळली होती. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला त्यांचा पुढारी वॉट टायलर मारला गेला आणि 2 जुलैला राजाने सगळ्या सनदा रद्द केल्या. राजाने समोरासमोर दिलेला शब्द आणि त्यावरची मोहोर, दोन्ही तीन आठवड्यांत फोल ठरले. बंडखोरांच्या परवलीत ते स्वतःला राजा रिचर्डचे ‘ट्रू’ जन म्हणवत. धर्मोपदेशक जॉन बॉलच्या नावाने फिरलेल्या पत्रांत ट्रुथचा घोष पुनःपुन्हा येतो. तिथे ट्रुथ म्हणजे अजून इमान, एकमेकांशी केलेला बांधिलकीचा करार. त्याच अर्थाने हा शब्द उच्चारणाऱ्यांचा तो अखेरचा मोठा जमाव असावा. त्या पिढीच्या कवींनीही हेच दुःख उराशी धरले आहे: लँगलंडच्या काव्यात ट्रुथ ही जिवंत व्यक्ती आहे, ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’मध्ये नायकाची सारी परीक्षा शब्द पाळण्याची आहे.

बदल झाला हे एका ठिकाणी हाताने दाखवता येते. योहानाच्या शुभवर्तमानात पिलात येशूला सत्य म्हणजे काय असे विचारतो. सन 1000 च्या सुमाराच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात त्याच्या तोंडी सोथफेस्टनेस आहे. 1380 च्या दशकातल्या विक्लिफच्या परंपरेतल्या भाषांतरात त्याच जागी ट्रुथ आहे. आणि त्याच भाषांतराच्या आधीच्या आवृत्तीत ‘फॉर सूथ’ हे शब्द पानोपानी पेरलेले आहेत, ते लॅटिनमधल्या ‘तर’, ‘कारण’ अशा अव्ययांसाठी. विचार करण्याची जागा ट्रुथला मिळाली आणि सूथ वाक्ये जोडण्याच्या कामाला लागला. जुन्या भाषांतरात येशू गंभीरपणे काही सांगू लागला की आरंभी ‘सोथ’ येई, तो शब्द तिथून इथवर आला.

पुढची दोनशे वर्षे त्याच्या भाऊबंदांची पडझड सांगतात, आणि शब्द नुसते झिजतात या आक्षेपाला उत्तर मला याच पडझडीत दिसते. झीज सर्वत्र सारखी नसते; कुणी अर्थ वाढवतो, कुणी आक्रसतो. सूथच्या घरातले सगळे मात्र एकाच दिशेने गेले. ‘सूथसेयर’ म्हणजे आधी खरे बोलणारा; तो भविष्य सांगणारा झाला, आणि 1599 च्या सुमारास शेक्सपियरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये सीझर ज्याला स्वप्नाळू म्हणून बाजूला सारतो तो हाच. ‘सूद’ या क्रियापदाचा अर्थ होता एखादी गोष्ट खरी ठरवणे. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ झाला समोरच्याच्या म्हणण्याला माना डोलावणे, मग खुशामत करणे, आणि शेवटी शांत करणे. आज रडते मूल थोपटण्याला हा शब्द लावतात. ‘फॉरसूथ’ म्हणजे खरोखर; तो थट्टेत उरला. आणि खुद्द सूथ? ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात तापट हॉटस्परची पत्नी सूथची शपथ घेते, तर तो तिला टोकतो की साखरफुटाणे करणाऱ्याच्या बायकोसारख्या मिळमिळीत शपथा घेऊ नकोस. 1590 च्या दशकात सूथ हा दुकानदारांच्या घरातला गोडवा झाला होता. ज्या शब्दाची नड उरत नाही, तो असाच सौजन्याच्या, खुशामतीच्या आणि थट्टेच्या कामी येतो.

एक भाग तरीही उरतो. ट्रुथ कितीही पसरला तरी त्याच्या अंगाला विश्वासाचा वास राहिला. नुसते ‘घडलेले’ सांगायला कोरडा शब्द हवा होता. तो ‘फॅक्ट’च्या रूपाने लॅटिन ‘फाक्तुम’, म्हणजे केलेले, यातून आला. न्यायालयात तो आधी कृत्य आणि विशेषतः गुन्हा या अर्थाने वावरत होता. सतराव्या शतकापर्यंत वस्तुस्थिती या अर्थाने रुळला. मुर्शिलीच्या कबुलीत ‘आहे’ आणि ‘केले’ शेजारी होते. इंग्रजीने ‘आहे’ टाकला आणि ‘केले’ ठेवला.

याहून कठीण आक्षेप असा की जर्मननेही सूथचा भाऊ गमावला, आणि तिथे ना 1381 ना इंग्लंडची चान्सरी. जर्मन ‘वार’ आणि लॅटिन ‘वेरुस’, दोन्हींचा अर्थ खरा आणि दोन्ही विश्वासाच्या मुळातून आलेले मानले जातात. म्हणजे ‘आहे’कडून ‘भरवशाचे’ याकडे सरकणे ही इंग्रजांची मिरास नाही. हे मान्य करावे लागते. इंग्लंडच्या इतिहासाने या ओढीला वेग दिला, वाट दिली आणि तारीख दिली, इतकाच माझा दावा आहे. उत्तरेकडची उदाहरणे त्याला दुजोराच देतात. नॉर्वे, डेन्मार्कमध्येही सनदा होत्या, न्यायालये होती. पण तिथे ट्रूचा भाऊबंद ‘त्रु’ किंवा ‘त्रो’ हा श्रद्धा आणि निष्ठा यांच्याच घरात राहिला, त्याने वस्तुस्थितीचे अंगण ओलांडले नाही. म्हणून शेजारचा, सूथच्या कुळातला शब्दही टिकला. ऑक्सफर्डचा महाकोश सांगतो की इंग्रजी सूथ सतराव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर वापरातून गेला आणि वॉल्टर स्कॉट व त्याच्या समकालीनांनी त्याला जुन्या काळाचा पोशाख म्हणून पुन्हा बाहेर काढले. ऑस्लोत मात्र आजही माणसे बोलता बोलता दर दोन वाक्यांनी ‘इक्के सांत?’ म्हणतात, आपण ‘खरं ना?’ म्हणतो तसे. त्यातला शेवटचा ‘त’ हा नपुंसकलिंगाचा प्रत्यय आहे, मूळचा ‘त’ केव्हाच ‘न’मध्ये मिसळून गेला, पण शब्द तोच आहे, सूथचा सख्खा भाऊ आणि संतांचा दूरचा.